अंगावरचं दूध सुरू ठेवून फॉर्म्युलाची भर कशी घालावी

अंगावर पाजत असतानाच बाळाला वरचं दूधही द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं की पहिला प्रश्न एकच येतो: आता माझं दूध आटेल का? मीही हाच प्रश्न घेऊन बसले होते. फॉर्म्युला, म्हणजे डब्यातल्या पावडरीचं दूध, दिल्याने आईचं दूध आपोआप आटत नाही. स्तनातून दूध निघणं कमी झालं की ते आटतं. बाळाने चोखून काढलेलं असो, पंपाने असो की हाताने पिळून, जितकं दूध बाहेर पडतं तितकं नवीन बनतं. ते साचून राहिलं की शरीर पुढचं दूध कमी बनवायला लागतं. एवढं लक्षात ठेवलंत तर दोन्ही दूध महिनोन्‌महिने नीट चालू राहू शकतं.

जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं असं सांगते, आणि ते शक्य असेल तिथे तेच करावं. पण काही घरांत ते पुरत नाही, आणि बाळाचं पोट भरणं सगळ्यात आधी येतं. हा लेख त्या घरांसाठी आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा तो घेत नाही, पण सल्ला मिळाल्यावर घरी येऊन नेमकं काय करायचं, ते इथे सापडेल.

हाताशी काय हवं

- डॉक्टरांकडे न्यायचे कागद: जन्मवजन आणि घरी सोडतानाचं वजन लिहिलेलं डिस्चार्ज कार्ड, नंतरच्या वजनांची नोंद, लसीकरणाचं कार्ड, आईच्या चालू औषधांची यादी, थायरॉइड किंवा हिमोग्लोबिनचे रिपोर्ट असतील तर ते
- पहिल्या वर्षासाठीचा, म्हणजे डब्यावर १ आकडा असलेला फॉर्म्युला (बाळाला वेगळा लागत असेल तर डॉक्टर सांगतील)
- दोन-तीन लहान बाटल्या आणि सर्वांत सावकाश दूध येणारी निप्पल. किंवा फक्त लहान वाटी आणि चमचा
- बाटली आतून घासायचा ब्रश आणि उकळायला मोठं पातेलं
- ब्रेस्टपंप (हाताने पिळता येत असेल तर त्यावरही भागतं)
- एक वही

१. गरज खरी आहे का, हे आधी पाहा

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्या. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम ५ ते ७ मिली मावतं, आणि चिकाचं दूध तेवढंच येतं. छाती भरून यायला साधारण दुसरा ते पाचवा दिवस उजाडतो. सिझेरियन झालं असेल, रक्तस्राव जास्त झाला असेल किंवा आईला मधुमेह असेल तर आणखी उशीर होऊ शकतो. त्या मधल्या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं. ७ टक्क्यांपर्यंतची घट सहसा काळजीची नसते. १० टक्क्यांच्या आसपास गेली तर मात्र बाळ आणि पाजणं दोन्ही तपासायलाच हवं. दहा ते चौदा दिवसांत बाळ पुन्हा जन्मवजनावर यावं, आणि पुढे पहिले तीन महिने रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढावं.

घरी पाहायची खूण म्हणजे लंगोट. पहिल्या दिवशी एक सू, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओले लंगोट हवेत. शी काळीकुट्ट असते ती हिरवट होत होत चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळी व्हायला हवी. चौथ्या दिवसानंतरही लंगोटावर विटकरी-गुलाबी डाग दिसत असतील, किंवा शी काळीच असेल, तर बाळाला दूध कमी पडतंय असं समजून त्याच दिवशी दाखवा.

आता ज्या गोष्टींवरून दूध कमी आहे असं वाटतं, पण ते खरं नसतं, त्या बघा. काही आठवड्यांनी छाती मऊ लागते. याचा अर्थ दूध आता बाळाच्या गरजेइतकं बनायला लागलंय. संध्याकाळी बाळ दर अर्ध्या तासाने पाजायला मागतं, किरकिर करतं. जवळजवळ सगळीच बाळं असं करतात. पंपाला कमी दूध येतं. पंप बऱ्याचदा बाळाइतकं काढू शकत नाही. पाजून झाल्यावर बाटली दिली तर बाळ तीही पितं. लहान बाळाच्या टाळ्याला काही लागलं की ते चोखतंच, भूक असो वा नसो. या शेवटच्या गोष्टीवरून घरातली मंडळी हमखास ‘बघ, उपाशीच होतं’ म्हणतात आणि आईचा धीर सुटतो. अशा वेळी वजनाचा आकडा पुढे ठेवा.

खरी गरज कुठे असते? वजन वाढत नाही, रक्तातली साखर कमी आहे, कावीळ आहे आणि दूध पुरेसं जात नाही, बाळ वेळेआधी जन्मलंय, जुळी आहेत, आईच्या स्तनांची शस्त्रक्रिया झाली आहे, थायरॉइड किंवा पीसीओएससारख्या कारणाने दूध कमी बनतंय, किंवा आई कामावर जाऊ लागली आहे आणि पंप करणं पुरत नाही. आईची प्रकृती साथ देत नाही, हेही पुरेसं कारण आहे. एक ठळक अपवाद: आईला एचआयव्ही असेल तर काय द्यायचं आणि कसं, हे फक्त उपचार करणाऱ्या डॉक्टरांबरोबर ठरवा.

२. भर घालण्याआधी पकड तपासून घ्या

दूध असूनही बाळाला मिळत नाही, असं अनेकदा पकड नीट नसल्यामुळे होतं. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीत रुतलेली आणि बोंडच नाही तर भोवतालच्या काळ्या भागाचाही मोठा हिस्सा तोंडात, ही चांगली पकड. सुरुवातीच्या भराभर चोखण्यानंतर लय संथ होते आणि गिळल्याचा हलका आवाज येतो. गालाला खळ्या पडत असतील, चटचट आवाज येत असेल किंवा पाजून झाल्यावर बोंड चपटं, पांढरं पडलेलं दिसत असेल तर पकड उथळ आहे. स्तनपान समुपदेशकाला किंवा अनुभवी नर्सला समोर बसवून एकदा पाजून दाखवा. फोनवर वर्णन करून हे सुटत नाही.

३. किती द्यायचं ते मिलीमध्ये विचारून या

‘थोडं वरचं द्या’ एवढ्यावर दवाखान्यातून उठू नका. किती मिली, दिवसातून किती वेळा, आणि पुन्हा वजन कधी करायचं, हे तीन आकडे लिहून घ्या.

अंदाज असावा म्हणून सांगते. अगदी पहिल्या दिवसांत भर फार लहान असते: पहिल्या चोवीस तासांत एका वेळी २ ते १० मिली, दुसऱ्या दिवशी ५ ते १५, तिसऱ्या दिवशी १५ ते ३०, चौथ्या दिवशी ३० ते ६०. दोन दिवसांच्या बाळाला ६० मिलीची बाटली पाजली की ते चार तास झोपतं, आणि तेवढा वेळ स्तन रिकामे होत नाहीत. पहिल्या आठवड्यानंतर बाळाची दिवसभराची एकूण गरज ढोबळमानाने दर किलोमागे १५० मिली धरतात. म्हणजे साडेतीन किलोच्या बाळाला सगळं मिळून सव्वापाचशे मिलीच्या आसपास लागतं. डब्यावरच्या तक्त्यातले आकडे फक्त फॉर्म्युलावर असलेल्या बाळांसाठी असतात. ते बघून बाटली भरली तर अंगावरच्या दुधाला बाळाच्या पोटात जागाच उरणार नाही.

४. क्रम ठरवा: आधी अंगावर, मग भर, मग पंप

चोवीस तासांत ८ ते १२ वेळा अंगावर घ्या. दोन्ही बाजूंना पाजा. बाळ पेंगुळलं तर स्तन हाताने हलके दाबा, म्हणजे दुधाची धार वाढते आणि बाळ पुन्हा चोखायला लागतं. त्यानंतर ठरलेली भर द्या. मग दहा-पंधरा मिनिटं पंप करा किंवा हाताने पिळा, आणि ते दूध पुढच्या भरीत आधी वापरा. बाळ फार भुकेलं असेल आणि छातीशी चिडून रडत असेल, तर उलटं करा: १०-१५ मिली आधी देऊन शांत करा आणि मग अंगावर घ्या.

हा सगळा फेरा तासाभरात आटपला पाहिजे. अंगावर तासभर, मग बाटली, मग पंप, मग धुणी, असं करत राहिलात तर पुढच्या पाजण्याची वेळ येते आणि तुम्ही पाठ टेकलेलीच नसते. हा क्रम थोड्या दिवसांसाठी असतो. वजन सावरलं की प्रत्येक वेळी पंप करायची गरज नाही. बाटली देणं आणि भांडी उकळणं घरातल्या दुसऱ्या कुणाकडे सोपवा.

सगळ्यात मोठी गफलत रात्री होते. बाळंतिणीला झोप मिळावी म्हणून रात्रभर कुणीतरी बाटली देतं. हेतू चांगलाच असतो, पण दूध बनवणारं प्रोलॅक्टिन हे हार्मोन रात्री जास्त असतं आणि पहिल्या आठवड्यांत सात-आठ तास दूध निघालंच नाही तर त्याचा परिणाम दिसतो. रात्रीची एखादी बाटली दुसऱ्या कुणी द्यावी, आईने सलग चार-पाच तास झोपावं, आणि उठल्यावर आधी अंगावर घ्यावं किंवा पंप करावा. यात झोपही होते आणि दूधही टिकतं.

दूध वाढवायच्या गोळ्या-चूर्णं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. बाळाला नुसत्या लंगोटावर छातीशी उघड्या अंगाने धरून ठेवा. त्याने पान्हा फुटायला मदत होते आणि बाळ पुन्हापुन्हा छातीकडे वळतं.

५. बाटली सावकाश द्या

भर वाटी-चमच्यानेही देता येते. थोड्या दिवसांची गोष्ट असेल तर तेच बरं. छातीशी बारीक नळी लावून अंगावर पाजतानाच भर देण्याचीही पद्धत आहे. ती समुपदेशकाकडून शिकून घ्यावी. बाटलीतून दूध न ओढताही तोंडात पडतं, आणि त्या वेगाची सवय लागली की बाळ अंगावर चिडायला लागतं. वैद्यकीय घाई नसेल तर बाटली पहिले तीन-चार आठवडे टाळलेली चांगली.

बाटली देताना बाळाला जवळजवळ बसतं धरा, मान तुमच्या हातावर. निप्पल ओठांना टेकवून थांबा. बाळाने तोंड मोठं उघडून स्वतः आत घ्यायला हवी. बाटली जवळपास आडवी ठेवा, निप्पल अर्धी भरली तरी पुरे. पाच-सहा घोट झाले की बाटलीचं बूड किंचित खाली करा, निप्पल तोंडातच राहू द्या. दूध मागे जाईल, बाळ श्वास घेईल, आणि पुन्हा ओढायला लागलं की बूड वर करा. बाळाच्या हाताकडे लक्ष ठेवा: बोटं एकदम फाकली, भुवया उंचावल्या, ओठांच्या कडेने दूध ओघळलं, तर वेग जास्त झालाय. मध्ये एकदा बाजू बदला, ढेकर काढा. पंधरा-वीस मिनिटं लागू द्यावीत. बाळाने तोंड फिरवलं की थांबायचं, तळाशी २० मिली उरलं असलं तरी. ‘वाया जाईल’ म्हणून कोंबू नका. उशीला टेकवून बाटली तोंडात ठेवून देणं कधीच नको, ठसका लागून जिवावर बेतू शकतं.

६. फॉर्म्युला बनवताना शॉर्टकट नको

पावडर निर्जंतुक नसते. क्रोनोबॅक्टर, साल्मोनेला यांसारखे जंतू त्यात क्वचित सापडतात आणि दोन महिन्यांखालच्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ते घातक ठरू शकतात. म्हणून पाणी नुसतं उकळून गार केलेलं चालत नाही. पावडर पडताना ते निदान ७० अंश सेल्सिअस हवं.

- हात धुवा. बाटली, निप्पल, रिंग सगळं सुटं करून साबणाने घासा आणि पाण्यात पूर्ण बुडवून दहा मिनिटं उकळा.
- ताजं पाणी खळखळून उकळा आणि अर्ध्या तासाच्या आत वापरा.
- आधी पाणी मोजा, मग पावडर घाला. उलट केलं तर प्रमाण चुकतं.
- डब्यातलाच चमचा वापरा. दाबून भरू नका, शीग ठेवू नका. सुरीच्या पाठीने सपाट करा. एका चमच्याला किती पाणी, ते त्या डब्यावर वाचा. डबा बदलला की पुन्हा वाचा, कारण काहींत एका चमच्याला ३० मिली असतं, काहींत ६०.
- झाकण लावून हलवा आणि बंद बाटली गार पाण्यात धरून कोमट करा. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहा. मायक्रोवेव्ह नको, त्यात दूध मधूनच कढत राहतं.

बनवलेलं दूध दोन तासांत संपवा. तोंड लावलेलं तासाभरानंतर ओतून द्या. आधीच बनवून ठेवायचं असेल तर लगेच गार करून फ्रिजच्या आतल्या भागात ठेवा आणि २४ तासांत वापरा. डबा उघडला ती तारीख त्यावर लिहा. महिन्याभरानंतर उरलेली पावडर टाकून द्यायची.

डबा पुरवायला म्हणून पाणी वाढवणं अतिशय धोक्याचं आहे: रक्तातलं सोडियम घसरून बाळाला झटके येऊ शकतात. पावडर जास्त टाकली तर बद्धकोष्ठ होतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो.

काढलेलं आईचं दूध साध्या तापमानाला, २५ अंशांपर्यंत, चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. ते आणि तयार फॉर्म्युला एकाच बाटलीत घालता येतात, पण मी ते सुचवणार नाही: बाळाने अर्धवट टाकलं तर आईचंही दूध ओतावं लागतं. आधी आईचं द्या, मग फॉर्म्युला. आणि पाण्याऐवजी आईच्या दुधात पावडर कालवणं कधीच नको.

७. वहीत लिहा, पण वजनावर विश्वास ठेवा

कधी पाजलं, किती मिली भर दिली, सू किती, शी किती, एवढंच लिहा. वजन सुरुवातीला डॉक्टर सांगतील तेव्हा, एकाच काट्यावर, बाळ उघडं असताना. घरी रोज वजन करू नका. एका लंगोटाने आकडा हलतो आणि उगाच झोप उडते.

फॉर्म्युला सुरू झाल्यावर शी घट्ट होते, रंग तपकिरी किंवा हिरवट होतो, वास वाढतो. हे चालतं. शीत रक्त, अंगावर पुरळ, सारख्या उलट्या दिसल्या तर गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असू शकते. डबा स्वतःहून बदलत बसू नका, डॉक्टरांना विचारा.

८. कुणी सहसा सांगत नाही अशा गोष्टी

अंगावर पाजतेय म्हणून दिवस राहणार नाहीत, हा भरवसा भर सुरू झाली की सोडा. ते संरक्षण तीन अटींवर असतं: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही, आणि बाळ पूर्णपणे अंगावर. तिसरी अट मोडली की दुसरं साधन हवं. डॉक्टरांना विचारताना पाजतेय हे सांगा, कारण सगळ्या गोळ्या चालत नाहीत.

ड जीवनसत्त्वाचे थेंब, रोज ४०० आययू, दोन्ही दूध घेणाऱ्या बाळालाही लागतात. बाळ दिवसाला सुमारे लिटरभर फॉर्म्युला घ्यायला लागेपर्यंत ते चालू ठेवायला सांगतात.

सहा महिन्यांपर्यंत वेगळं पाणी नको. मध वर्षाच्या आत अजिबात नको. वर्षापर्यंत फॉर्म्युलाऐवजी गाई-म्हशीचं दूध नको. डब्यावर २ आकडा असलेला फॉर्म्युला घ्यायलाच हवा असं काही नसतं. पहिला वर्षभर चालतो. फुकटचे नमुने आणि ‘आईच्या दुधासारखंच’ असे दावे दिसले, तर हे लक्षात असू द्या की अशा प्रचाराला आळा घालण्यासाठी जागतिक आरोग्य सभेने १९८१ सालीच आंतरराष्ट्रीय संहिता केली आहे.

९. ताबडतोब डॉक्टरांकडे कधी

सहा-आठ तास सू नाही, तोंड कोरडं, टाळू खोल गेलेली, रडणं क्षीण, उठवूनही पाजायला उठत नाही, कावीळ पोटा-पायांपर्यंत पसरतेय, हिरवी उलटी, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस वा जास्त ताप. यातलं एकही दिसलं तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. आईला छातीत दुखरी लाल गाठ आणि थंडी-ताप आला तर तिनेही त्याच दिवशी दाखवावं. तोवर पाजणं बंद करायचं नाही.

१०. भर कमी करताना, किंवा वाढवताना

वजन दोन-तीन आठवडे नीट वाढत असेल तर डॉक्टरांना विचारून भर कमी करायला घ्या. ज्या वेळी छाती सर्वांत भरलेली असते, बहुतेकींची पहाटे, तिथली भर आधी काढा. दिवसभरातून ३०-६० मिली कमी करा, तीन-चार दिवस लंगोट मोजा, वजन पाहा, मग पुढची. वजन अडलं तर आधीच्या आकड्यावर परत या आणि थोड्या दिवसांनी पुन्हा करून बघा. काहींची भर पूर्ण सुटते, काहींची दिवसाला एका बाटलीवर स्थिरावते. ती एक बाटली ठेवून वर्ष-दोन वर्षं अंगावर पाजता येतं.

उलट फॉर्म्युला वाढवायचा असेल तर अंगावरची एक वेळ काढा आणि पुढची काढण्याआधी निदान तीन दिवस जाऊ द्या. छाती ठणकली तर बरं वाटण्यापुरतंच पिळा, रिकामी करू नका. संध्याकाळची किंवा दुपारची वेळ आधी काढा. पहाटेची आणि रात्री झोपतानाची सर्वांत शेवटी.